साड्यांच्या कपाटातला आवाज

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर चेष्टा करण्यासाठीच वाचतेय. "आधी झोप पूर्ण करा", "कार्बन मोनॉक्साइड वायूनेही भास होतात, घरातला अलार्म तपासा" अशा कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक. माझा नवरा मंदार भूल देणारा डॉक्टर, मी कॉम्प्युटरवर चित्रं काढणारी. आमच्या घरात भुताला कुणी साधं पाणीही विचारलं नसतं. तरी आज लिहायला बसलेय, कारण माझ्याकडचे सगळे तर्क संपलेत... आता चेष्टा करायची पाळी तुमची.

आम्ही इंग्लंडमध्ये, साउथहॅम्प्टनला राहतो. मी पुण्यातली अ‍ॅनिमेशनची नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर इथे आले आणि घरी बसून एकटीने गेम बनवायला घेतला. आता जरा अवघड भाग. गेम अडल्ट आहे. म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचा. त्यात शरीरसंबंधाचा एक प्रसंग आहे आणि तो आडपडदा न ठेवता दाखवलाय. गोष्ट साधीच — पन्नाशी उलटलेली विधवा वसुधा, समोरच्या घरातला अरविंद, आणि दोघांचं हळूहळू जवळ येणं. कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, ते खेळणारा ठरवतो. आवाज मराठी, खाली इंग्लिश सबटायटल. सासूबाईंना मी अजूनही लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते असंच सांगते.

वसुधाचा आवाज कुंदामावशींचा. सख्ख्या मावशी नव्हेत, मराठी मंडळातल्या सगळ्यांच्याच मावशी. मंदारच्याच हॉस्पिटलमध्ये त्या ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या, नंतर रिटायर झाल्या. गणपतीत आरतीनंतरच्या सूचना त्या माइकवरून द्यायच्या. प्रसादाच्या प्लेट कुठल्या बिनमध्ये टाकायच्या हे सांगतानासुद्धा तो आवाज ऐकत राहावासा वाटायचा. गेम कसला आहे हे त्यांना सांगताना माझेच कान तापले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"अगं, माणसांची शरीरं मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलीत," त्या म्हणाल्या. "माझी अट एकच. मी न बोललेला शब्द माझ्या आवाजात घालायचा नाही. ते हल्ली एआयने करतात ना, ते तर मुळीच नाही."

रेकॉर्डिंग व्हायचं त्यांच्या कपाटात. हसू नका, घरगुती रेकॉर्डिंगसाठी याच्याइतकी चांगली जागा नाही. भिंतीएवढं मोठं वॉर्डरोब, दोन्ही बाजूंना हँगरवर साड्या, मध्ये एक स्टूल आणि माझा माइक. साड्या आवाज पिऊन टाकतात, तो घुमत नाही. दर रविवारी मावशी आत बसायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि मी बाहेर पलंगावर हेडफोन लावून. बंदरातून क्रूझ सुटली की तिचा भोंगा मात्र आत यायचा. मग तो टेक बाद, पुन्हा पहिल्यापासून. मावशी आतूनच त्या बोटीला दोन शब्द सुनवायच्या.

आमचा वाद झाला तो एकाच जागेवर. शेवटच्या प्रसंगात अरविंद विचारतो, "वसुधा, मी थांबू?" मी तिचं उत्तर लिहिलं होतं — हो. मावशी ते म्हणायलाच तयार नाहीत.

"आमच्या वयाची बाई असं तोंडाने बोलून दाखवत नाही गं. ती चष्मा काढून ठेवते आणि दिवा मालवते. ज्याला कळायचं त्याला कळतं."

मला ते इतकं पटलं की मी तसंच काढलं. वसुधा चष्मा टेबलावर ठेवते, हात लांब करून दिवा मालवते, बाकीचं सगळं अंधुक निळ्या उजेडात. त्या दिवशी निघताना मावशी दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या जागेचं काहीतरी राहिलंय असं वाटतंय मला. बघू, पुढच्या रविवारी."

तो रविवार आलाच नाही. मधल्या आठवड्यात मावशी हार्ट अटॅकने गेल्या. त्यांचा मुलगा बर्मिंगहॅमहून आला, मी आणि मंदार घर आवरायला मदतीला गेलो. साड्या घड्या करून, जुन्या वस्तू दान घेऊन विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये दिल्या. रिकामं कपाट बघून मला रडू आवरेना. मुलाने माइक माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, की आईने त्याला सगळं सांगितलं होतं, गेम बाहेर काढा, ती फार उत्साहात होती.

त्यानंतर तो गेम माझा एकटीचा राहिला नाही. लोकांनी मावशींना ऐकायला हवं, एवढंच डोक्यात होतं. अशा गेमसाठी वेगळ्या वेबसाइट असतात, पण तिथे जे चालतं त्यात वसुधाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. म्हणून मोठं, नेहमीचं ऑनलाइन स्टोअर. जिथे शेती करण्याचे नि गाड्या पळवण्याचे गेम मिळतात, तिथेच, वयाच्या अटीमागे का होईना, आमचाही मिळायला हवा होता. पण नेमके तेव्हाच नियम कडक होत चालले होते. ज्यांच्यामार्फत पैसे भरले जातात त्या कार्ड कंपन्यांनी अशा गेमवर नाक मुरडलं की स्टोअरवाले घाबरून गेम काढून टाकायचे. ओळखीच्या काहींचे गेम तर विक्रीला लागलेले असताना गायब झाले. त्यात या स्टोअरचा नियम असा, की एकदा नाकारलेला गेम पुन्हा पाठवता येत नाही. अपील मात्र करता येतं, तेही एकदाच.

आमचा नाकारला. कारण वाचून मी डोक्याला हात लावला. पुरुष विचारतो, स्त्री काहीच बोलत नाही, दिवा जातो आणि प्रसंग सुरू होतो — तिची संमती स्पष्ट नाही. मावशींना आणि मला जे इतकं लख्ख दिसत होतं, ते त्या तपासणाऱ्याला दिसणार कसं? आणि खरं तर त्याचं तरी काय चुकलं... नियम चांगलाच आहे. मी त्याच्या जागी असते तर मीही अडवला असता.

 अपीलसोबत बदललेला प्रसंग नमुना म्हणून जोडायचा तर तो एक शब्द हवा होता, आणि तो बोलणारं माणूस गेलेलं. मी मावशींची सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली, टाकून दिलेले टेकसुद्धा. एखादा सुटा होकार मिळेल, चहाला म्हटलेला का असेना. जे मिळाले त्यावर हसू सांडलेलं, नाहीतर खोकला. एकही वसुधाचा नव्हता. मंदार आल्यावर मी त्याच्यासमोर हमसून हमसून रडले. तो जवळ बसला आणि हळूच म्हणाला, एआयने करून बघ, मावशी समजून घेतील.

बघितलं करून. त्या यंत्राने मावशींच्या आवाजात होकार दिला. आवाज त्यांचाच, पण आत कुणी नाही. मी ते सगळं पुसून टाकलं. आणि मग, सगळं संपलंय हे कळत असूनही, अपीलमध्ये फक्त खरं काय ते लिहिलं. चष्म्याचं लिहिलं, दिव्याचं लिहिलं, बोलणारी बाई आता हयात नाही हेही लिहिलं. गेमला हात लावला नाही. लावताही आला नसता, तपासणीला गेलेली कॉपी स्टोअरकडे बंद असते. नंतरचे दिवस मी नुसती खिडकीत बसून काढले. जेवण जाईना, चित्र काढायला हात उचलेना.

उत्तर आलं तेव्हा भर दुपार होती, मंदारला सुट्टी होती. गेम मंजूर. खाली दोन ओळी: अपील पाहणाऱ्या सहकाऱ्याला मराठी येतं, वसुधाने संमती स्पष्ट शब्दांत दिलेली त्याने ऐकली आहे. फक्त त्या वाक्याला सबटायटल नाही, तेवढं घालावं.

कुठलं वाक्य? मी स्टोअरवरची कॉपी उतरवून घेतली, आम्ही दोघं सोफ्यावर बसलो आणि थेट तो प्रसंग लावला. अरविंद विचारतो. वसुधा चष्मा काढून ठेवते. आणि मावशींचा आवाज येतो...

"हो. थांब. माझ्या मनात आहे." मग एक छोटा श्वास. "आणि दिवा राहू दे."

पडद्यावरचा हात मात्र मी काढल्याप्रमाणे पुढे गेला आणि दिवा मालवला गेला.

मंदारने प्रसंग मागे नेऊन ते वाक्य पुन्हा लावलं. त्याने ऑपरेशन थिएटरमध्ये हा आवाज वर्षानुवर्षं ऐकलेला. तो म्हणाला, "या मावशीच आहेत." 

आता तुमच्या कमेंट मीच लिहून टाकते. एआयची फाइल चुकून गेली असेल — नाही, त्यात एकच शब्द होता, आणि गेम तर त्याआधीच स्टोअरकडे गेला होता. जुना टेक असेल — माझ्याकडे असं वाक्य नाही, मी ते लिहिलेलंच नाही. माझ्या लॅपटॉपवर तोच गेम आहे आणि त्यात ती जागा अजूनही शांत आहे. स्टोअरची कॉपी उलगडून बघितली तर फाइल तेवढ्याच, माझ्याच. तरी आवाज येतो, ज्यांनी विकत घेतला त्यांनाही येतो. आणि तो साड्यांच्या मधला आवाज आहे, तसाच मऊ, न घुमणारा. त्या साड्या तर कधीच देऊन टाकल्यात. वाक्याच्या शेवटी, खूप लांबून, बोटीचा भोंगाही आहे. असा टेक मी कधीच ठेवला नसता.

  याचं उत्तर शोधायचं आता मी थांबवलंय. सबटायटल मात्र घातलं, त्यांच्या शब्दाला शब्द. न बोललेलं काही घालायचं नाही अशी अट होती, आणि मी घातलेलं नाही.

सध्या तो शेवटचा प्रसंग मी पुन्हा काढतेय. पहिल्या चौकटीपासून, सगळा. या वेळी दिवा चालू ठेवून.