मारोतरावांचा निळा रंग

मारोतराव गेल्याचा फोन त्यांच्या पत्नीनं, सरूबाईंनी केला, तेव्हा मी मायक्रोस्कोपसमोरच बसले होते. त्याला आता दीड महिना झाला... तरी सकाळी लॅबचं दार उघडलं की त्यांची वाट पाहते.

भंडाऱ्यात मी नवखी पॅथॉलॉजिस्ट म्हणून आले, तेव्हा ते लॅबचे जुने तंत्रज्ञ होते. आंधळगावचे, वडील कोसा रेशमाच्या साड्यांचं सूत रंगवायचे. तुरटीशिवाय रंग सुताला धरत नाही, हे ते वडिलांकडून शिकलेले. रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या तुकड्यालाही तोच न्याय, असं ते मला सांगत. मेणात बसवलेल्या तुकड्याचा कागदाहून पातळ काप काचेवर जवळजवळ दिसतच नाही. तुरटी घातलेला निळा रंग पेशीच्या केंद्रकाला धरतो, गुलाबी रंग बाकीच्या भागाला. तेव्हा कुठे आजार दिसतो.

एकदा एका शिक्षिकेच्या स्तनातल्या गाठीची स्लाइड आली. केंद्रकं फिकी होती. ते मला खटकायला हवं होतं, पण मी घाईत होते. कर्करोग नाही असं लिहून सही करणार, तोच मारोतराव आत आले.

"मॅडम, सही नका करू. निळा रंग जुना झाला होता, मी तसाच वापरला. माही चुकी हाये."

ते बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं. मी रागावले. त्यांनी ऐकून घेतलं, ताजा रंग तयार केला आणि त्याच तुकड्याचा दुसरा काप रंगवला. या वेळी केंद्रकं गडद, वेडीवाकडी दिसली. कर्करोग होता. वेळेत कळला, ऑपरेशन झालं, बाई वाचल्या.

त्या बाई परवा भेटायला आल्या. मारोतरावांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, माझी घाईसुद्धा. ऐकून त्या म्हणाल्या, "मले त्यायच्या घरी घेऊन चला."

आम्ही आंधळगावला गेलो. सरूबाईंनी चहा ठेवला. मारोतरावांनी यातलं काहीच घरी सांगितलं नव्हतं.

"त्यायले पेशंटचं नाव कुठं मालूम राहे," त्या म्हणाल्या. "नंबर राहे फक्त."

परतताना बाईंनी मला आपल्या तुकड्याचा नंबर विचारला. लॅबमध्ये पोचल्यावर कपाटातून ती दुसरी स्लाइड काढून मी त्यांच्या हातावर ठेवली. काचेच्या कडेला पेन्सिलीनं, मारोतरावांच्या ठसठशीत अक्षरात, तो नंबर लिहिलेला होता. बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.