वास नाही, रंग नाही, पण कोटेशन आहे!

दुकानात बारा वर्षं कोटेशन बनवतेय, त्यामुळे किस्से काही शोधायला जावे लागत नाहीत. गिऱ्हाईकच घेऊन येतं. त्यात रेडॉनचं काम सुरू झाल्यापासून तर विचारूच नका!

उल्हासनगरात आमचं एक्झॉस्ट फॅन आणि डक्टिंगचं दुकान. मालक लालचंद सेठ, फिटर गायकवाडमामा आणि फोन-कोटेशन सांभाळणारी मी, संगीता. रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात झिरपणारा गॅस. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाला वाईट. उपाय साधा. फरशीच्या भेगा बुजवायच्या, जमिनीखालून पाइप काढून छताच्या वर न्यायचा आणि त्याला पंखा बसवायचा. खर्च मात्र साधा नाही!

पहिला फोन अंबरनाथ वेस्टच्या कांबळे सरांचा. रिटायर्ड, तळमजल्यावर घर. मुलगी अमेरिकेत. तिकडे घर घेताना तिने हे काम करून घेतलं आणि आता बाबांच्या मागे लागली.

सेठनी माझ्याकडून फोन घेत विचारलं, "सर, वास येतो?"

"नाही."

"डोळ्यांना झोंबतो?"

"अजिबात नाही."

"मग गॅस आहे हे कळलं कसं?"

"मुलगी म्हणाली."

सेठना स्वतःला तीन मुली. लगेच वही पुढे ओढली. "मग असणारच, साईं! पत्ता सांगा."

*

पालेगावात पाटीलकाकूंच्या हॉलमध्ये मामांनी मोजायचं मशीन ठेवलं. निघताना बजावलं, "काकू, महागाची वस्तू आहे, सांभाळा."

आठवड्याने गेलो तर मशीन गायब! काकूंनी कमरेची किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या घडीतून मशीन बाहेर काढलं. "नातवंडं हात लावतात ना, म्हणून पहिल्याच दिवशी आत टाकलं."

मामांनी आकडा बघितला. "काकू, तुमच्या साड्यांना काही धोका नाही!"

*

उल्हासनगरातल्याच एका कापडवाल्या दादांना मी कोटेशन दिलं. त्यांनी ते खालून वर वाचलं, मग वरून खाली. "मॅडम, ये तो बहुत हो गया. असं करा, अर्ध्या पैशात अर्धा गॅस काढा. बाकीचा राहू दे, घरचाच आहे!"

आयुष्यभर घासाघीस केलेल्या आमच्या सेठनी उठून त्यांना सलाम ठोकला.

*

विठ्ठलवाडीला तर कमाल झाली. मामा भिंतीवर पाइप चढवत होते. वरच्या खिडकीतून एका वहिनींनी विचारलं, "काय हो, गॅसचा पाइप का?"

मामा प्रामाणिक माणूस. "हो, गॅसचाच."

अर्ध्या तासात शिडीखाली चार बायका, हातात आधार कार्डाची झेरॉक्स! "आमचं पण कनेक्शन करा!"

मामांनी वरूनच हात जोडले. "अहो ताई, हा गॅस घालवायचाय!"

"घालवताय कशाला? आम्हाला द्या ना!"

*

आणि बदलापूरचे सावंततात्या. बैठं घर, आत तात्या आणि मालतीकाकू, दोघंच. मशीनचा आकडा चांगलाच वर आला होता. मी आणि मामा कोटेशन घेऊन गेलो. तात्यांनी चष्मा लावून शेवटची रक्कम दोनदा वाचली.

"मामा, हा गॅस भोवायला किती वर्षं लागतात?"

"लगेच नाही हो, तात्या. बरीच वर्षं जातात."

तात्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. "मला एकोणऐंशी चालू आहे. सोडा मग! तेवढी वर्षं आणू कुठून?"

आम्ही हसलो. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही गेल्यावर हा गॅस मी एकटीनेच घ्यायचा?"

तात्या बशीत चहा ओतत राहिले. चहा संपवून आम्ही उठलो. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "गेलं हे काम."

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायला आले तर तात्या दुकानाच्या पायरीवर बसलेले! एवढ्या लांबून एकटेच आलेले. आत येऊन अ‍ॅडव्हान्स टेबलावर ठेवला. एक रुपया कमी करा म्हणाले नाहीत.

मी पावतीवर नाव घालायला लागले, तसा त्यांनी माझा हात थांबवला.

"पावती माझ्या नावाने कर. गॅरंटी कार्ड मात्र मालतीच्या नावाने."