कोपऱ्यातले चार दगड

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले. पण कोणी गुन्ह्याबद्दल विचारलं, की मला आधी ही दगडांची तक्रार आठवते.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणे अंमलदार होतो. गावात मुलांना खेळायला मोकळी जागा नव्हती. बंद पडलेल्या मालधक्क्याजवळची रेल्वेची पडीक जमीन मैदानासाठी नगरपालिकेला मिळणार, असं बऱ्याच वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर ठरलं. फक्त संयुक्त मोजणी राहिली होती. तेवढ्यात एका कोपऱ्यातले हद्दीचे चार दगड कोणीतरी उपटून बाजूला टाकले. तेच पुन्हा रोवले, तर या वेळी गायबच झाले. पालिकेचा अभियंता तक्रार घेऊन आला. "साहेब, मोजणी हुकली तर प्रस्ताव परत दिल्लीला जाईल. मग आमची नातवंडंच खेळतील तिथे."

संशय जमिनीवर डोळा असलेल्या एका बांधकामवाल्यावर होता. आठवडाभर रात्रगस्त लावली, काही हाती लागलं नाही. मग मालधक्क्यासमोरच्या रसवंतीवाल्या बाईने हवालदाराला सांगितलं, "भाऊ, तुम्ही रात्री जागता. दगड तर दुपारी जातात. उन्हामुळे बठ्ठे लोक घरात असताना एक अक्का घमेलं नि पहार घेऊन जाते. जाताना ताठ चालते, येताना वाकून."

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून महिला हवालदाराला घेऊन मीच रसवंतीवालीने दाखवलेल्या अक्कांच्या घरी गेलो. दारात त्यांचा नवरा बसला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला गँगमन, सगळे त्याला नाना म्हणत. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मीच उपटात साहेब, माले धरा."

"किती दगड, नाना?"

"दोन."

खोटी कबुली देणारा घाई करतो, हे मी अनुभवाने शिकलो होतो. शिवाय पाण्याचा पेला धरतानाही नानांचा हात थरथरत होता. चार दगड या हाताने निघणार नव्हते.

आतून अक्का बाहेर आल्या. "त्यास्ले काय इचारतस? म्या उपटात. चारही मांगे शेतस."

घरामागे गोणपाटाखाली दगड नीट रचून ठेवले होते. एकालाही टवका गेला नव्हता. नासधूस करणारा इतकं जपून ठेवत नाही. मी खाली ओट्यावर बसलो आणि का, एवढंच विचारलं. अक्काही समोर बसल्या.

"तठे आमनं क्वार्टर व्हतं. त्याना मांगे मनी पोर पुरेल शे. नकाशा लायेल शे ना पालिकामा, तो मी एक पोरीकडथून वाचाडी लिधा. तिना डोकावर त्या संडास बांधतीन. दोनदाव सांगाले गऊ. कोणी आयकं नही."

"नाव काय होतं मुलीचं?"

"नाव ठेवानं राही गयं, साहेब. बारसाना आधीच गई ती."

नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. महिला हवालदाराने तिची वही मिटली.

मी दगड जीपमध्ये ठेवले आणि तसाच मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. अक्का तिथे दोनदा आल्या होत्या, पण अर्ज लेखी नाही म्हणून त्यांना बाहेरूनच परत पाठवलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी नकाशा टेबलावर पसरला. मग त्यांनी पेन्सिलने शौचालय खोडलं आणि रस्त्याच्या बाजूला नवीन चौकोन काढला. गुन्हा अदखलपात्र होता. मी नोंद केली, समज दिल्याचं लिहिलं आणि प्रकरण मिटवलं.

मोजणीच्या दिवशी भूकरमापकाला खुणा सापडेनात. तेव्हा अक्काच पुढे झाल्या आणि चारही खड्डे त्यांनी अचूक दाखवले. नाना सावलीत उभे राहून बघत होते. जमीन गावाची झाली.

बदली झाल्यावर एकदा तिकडे जाणं झालं. मैदानात मुली खो-खो खेळत होत्या. तो कोपरा मोकळा होता, तिथे कडुलिंब लावला होता. अक्का कठड्यावर बसून खेळ बघत होत्या. एक मुलगी धडपडली, तर त्याच आधी उठल्या.

त्या प्रकरणानंतर प्रत्येक ठाण्यात मी एक गोष्ट पाळली. दारात आलेल्या माणसाला आधी बसायला सांगायचं आणि त्याला लिहिता येत नसेल तर आपण लिहून घ्यायचं. अक्कांचं म्हणणं पहिल्याच दिवशी कोणी चार ओळींत टिपलं असतं, तर त्या उन्हात पहार घेऊन त्यांना जावंच लागलं नसतं.