दोष मॉनिटरचा

आमच्या घरात नवा मॉनिटर आला तो एक प्रश्न मिटवायला. अक्षरं फुटतात ती पडद्यावर की माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत, हा तो प्रश्न. आम्ही दोघांनी मिळून पडद्याला दोषी ठरवलं. मी तर जरा जास्तच जोरात ठरवलं, कारण दुसरं उत्तर मला नको होतं.

सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, निवृत्त माणसांची आत्मचरित्रं. हस्तलिखित मी मोठ्याने वाचते आणि हे ऐकून टाइप करतात. बोटं अशी पळतात की खाली बघायची गरज त्यांना कधीच पडली नाही. म्हणूनच मला काही कळलं नाही, असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. यांची बारा वर्षांची शुगर, डोळे तपासून घ्या असं डॉक्टरांनी दरवर्षी बजावलेलं, आणि दरवर्षी आमच्याकडे नेमकी लग्नसराई. वर्षभरापासून त्यांनी कागदावर प्रूफ काढायचंही सोडलं होतं. कागद महाग झाला म्हणाले. कागदाला मॉनिटर नसतो, दोष कोणाला देणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल.

मग कळवणचे एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या आठवणींचं पुस्तक आम्हीच केलं होतं. त्यांनी छापलेली प्रत टेबलावर ठेवली. "भाऊ, पुस्तक छान झालंय. थोडं राहिलंय, तेवढं सवडीने बघून घ्या," एवढंच बोलले आणि चहा न घेता निघाले. आत पानापानावर लाल खुणा होत्या. एका ठिकाणी आख्खा परिच्छेद दोनदा आला होता. चूक काढणारा माणूस ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडले असते. हे मात्र पानं न उलटताच म्हणाले, "हा डबडा मॉनिटर बदलायलाच हवा."

नाचता येईना, अंगण वाकडं, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी मी ते गिळलं आणि म्हणाले, "बदलूया."

एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने खोक्यातून एक मोठा मॉनिटर काढला. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं आणि त्याचा स्टँड बोट लावलं तरी डुलत होता. "काका, सत्तावीस इंची, फोर-के. या रेटमध्ये दुसरीकडे मिळाला तर हा फुकट देतो. अक्षर बघा, कसं कोरल्यासारखं दिसतंय." अक्षर खरंच देखणं होतं. अनुस्वारसुद्धा गोल गरगरीत. हे पुढे वाकले, नाक काचेला टेकेल इतके, आणि म्हणाले, "वा! आता काम होईल." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पैसे काढायला लागले.

"तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे का पण? मग मेनू बारीक दिसतील हां, आधीच सांगून ठेवतो."

"ते आमचं आम्ही बघू," हे म्हणाले.

दुकानदाराचं खरं होतं. आमचं सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीचं. या धंद्यात पुष्कळ जण तेच धरून बसलेत, कारण जुने फॉन्ट आणि जुन्या फाइली नव्यात उघडल्या की अक्षरांची खिचडी होते. घरी येऊन सगळं जोडलं तर मेनूतली अक्षरं मुंगीएवढी. ती मोठी करावीत, तर सगळंच पुसट, जुन्या मॉनिटरसारखं.

यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "बघ, तुला वाचता येतंय का?"

"नाही येत."

"बघ! तुलासुद्धा येत नाही!" त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. साडेअठरा हजार रुपये वाया गेल्याचा आनंद. दिवसभर ते फोनवर ओळखीच्या माणसांना सांगत होते, अहो, बायकोलाही दिसत नाही, पडदाच तसला. मीही मागून हो हो म्हणत होते. तो एक दिवस आमचा बरा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मलाच चीड आली. मेनू गेले खड्ड्यात, पान तर मोठं करता येतं! मी माउस घेतला आणि शिक्षकांचं पान इतकं मोठं केलं की एकेक अक्षर बोराएवढं झालं. काळं, धारदार. खोलीच्या दारातूनही मला वाचता येत होतं. "चला, दुसरी आवृत्ती तपासून टाकू," मी म्हणाले.

मी हस्तलिखित वाचायला लागले. हे पडद्यावर बोट ठेवून "हं, पुढे" म्हणत होते. पान उलटताना माझ्याकडून दोन ओळी गळाल्या. खरंच चुकून. हे म्हणाले, "हं, पुढे."

एका क्षणात मी त्यांच्यावर इतकी संतापले की हातातले कागद भिरकावून द्यावेसे वाटले. भिरकावले नाहीत. त्याच सुरात वाचत राहिले, फक्त पुढचं वाक्य माझं होतं. "त्या वर्षी माझी नजर गेली, स्वल्पविराम, पण मी घरात कोणाला सांगितलं नाही, पूर्णविराम."

यांचं "हं" आलं नाही. बोट होतं तिथेच राहिलं.

"हे पानावर आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघा ना," मी म्हणाले. इतकं कडू मी आयुष्यात कोणाशी बोलले नसेन. वर्षभर मीही त्या खोटेपणात सामील होते, आणि हिशेब चुकता करत होते एकट्या त्यांच्याशी.

त्यांनी खरंच बघितलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला. तोंड काचेजवळ नेलं, मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे. बोट एका ओळीवरून सरकवत शेवटापर्यंत नेलं आणि पुन्हा सुरुवातीला आणलं. समोर बोराएवढी अक्षरं होती. मी थांबवायला हवं होतं, पण मी बघत बसले.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात मांडीवर ठेवला.

अठ्ठावीस वर्षं चुका हेच मला दाखवत आले होते. इथे ओळ तुटली, इथे वेलांटी चुकली, तुला कसं दिसत नाही गं.

"तू सांग," ते म्हणाले.