सटवाईला नवा पत्ता

माझ्या पहिल्या नोकरीचा पगार कापसातून यायचा. शहाद्याच्या एका जिनिंग कंपनीत शेतकऱ्याची गाडी आली, की वजनाच्या वेळी धर्मादा म्हणून थोडे पैसे कापून घ्यायचे. बरीच वर्षं त्या पैशांवर एक पाणपोई आणि एक गोशाळा चालली. पन्नासच्या दशकात कंपनीच्या मारवाडी शेठजींच्या मनात आलं, की यातून बाळंतपणाची खोली बांधावी, एक नर्स ठेवावी आणि तिनं बायकांना रोगांची माहितीही द्यावी. खोली कळसाडीला झाली आणि नर्स म्हणून मी आले. नाशिकची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली आणि जिभेनं तिखट. माझी आई म्हणायची, हिच्या सासरच्यांनीच जरा जपून राहावं.

खोली मात्र देखणी होती. मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी, लोखंडी खाट, स्टोव्ह आणि कात्र्या उकळायला झाकणाचं पितळी भांडं. भिंतीवर शेठजींनी मुंबईहून मागवलेला रंगीत तक्ता. नाळ उकळलेल्या कात्रीनं कापा, तिच्यावर राख किंवा शेण लावू नका, नाहीतर बाळाला धनुर्वात होतो, असं त्यात चित्रांनी दाखवलं होतं. चित्रातली आई इतकी नटलेली होती, की ती बाळंत झाली आहे की लग्नाला निघाली आहे, ते मलाच कळत नसे. गावातल्या बाया दुपारच्या यायच्या, गार फरशीवर पाय पसरून बसायच्या. मी धनुर्वातावर घसा कोरडा करायचे. सगळं ऐकून घेतल्यावर एखादी तक्त्याकडे बोट करून विचारायची, "बाई, हाई लुगडं कोठे भेटस?"

आणि बाळंतपणाला सगळ्या आपापल्या घरी. चार महिने झाले तरी खाटेवर कोणी टेकलंसुद्धा नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते मी रोज घागरींनी ओतत होते. रात्री जेवताना एकटीच त्या खाटेवर चिडायचे.

तेव्हा एका गुजर शेतकऱ्याची सून आली. घरी डोकं दुखतंय असं सांगून आली होती. मी गोळी काढायला लागले तर म्हणाली, "डोकं नही दुखत, बाई. दोन पोरं ग्यात मन्हा. दोन्हीसनी पेवानं सोडी दिन्हं."

मी गोळीची बाटली खाली ठेवली. बाळानं पिणं सोडणं, धनुर्वाताचं पहिलं लक्षण तेच. नाळेतून विष चढतं, बाळाचा जबडा आवळत जातो, ओठ छातीला लागतात पण दूध ओढता येत नाही. मग तीन-चार दिवसांत खेळ आटोपतो. या बाईनं ते दोनदा मांडीवर घेऊन पाहिलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते.

"मले अठेच ऱ्हावानं शे," ती म्हणाली, "पण सासूले कोन सांगी?"

मी सांगीन, असं मी म्हटलं. भांडायला मला कधी आमंत्रण लागलेलं नाही.

सासू ओट्यावर बसून बोंडांतून कापूस वेचत होती. उंच, सडपातळ, पायांत चांदीचे तोडे. तिनं मला ताक दिलं, माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि मग आपली अडचण सांगितली. आमच्याकडे पाचवी पुजतात, यांच्यात छठी. त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते.

"सटवाईले मन्हं घर मालूम शे," सासू म्हणाली. "तुन्ही खोली नवी शे. ती तठे कशी येई? मंग पोरना कपाळवर कोन लिखी?"

मी धनुर्वाताची तयारी करून गेले होते, सटवाईची नाही. तुमच्या घरी ती दोनदा आली ना, मग काय लिहून गेली, असं अगदी ओठांवर आलं. पण म्हातारीचे हात कापसात थांबले होते आणि तिचे डोळे माझ्याकडे नव्हतेच. तिलाही तेच दिसत असणार. मी ते वाक्य ताकाबरोबर गिळलं आणि हात हलवत परत आले.

त्याच आठवड्यात शेठजींची जीप आली. शेठजी म्हणजे देहानं भरघोस माणूस, डोक्यावर काळी टोपी, सदऱ्याला सोन्याची बटणं. त्यांनी कोरी करकरीत चादर पाहिली, चकचकीत भांडं पाहिलं आणि दुःखानं मान हलवली. म्हणाले, "बाई, तुम्ही मेहनत केली, पण कोणी येत नाही. या हंगामात मी इथे सरकी ठेवतो. सरकीला तरी जागा हवी."

जीप पाहायला अर्धं गाव जमलं होतं, त्यात ती सासूही होती. माझा पारा चढला. मी म्हटलं, "सरकी खुशाल ठेवा शेठजी, पण ही खोली रिकामी का, ते या मावशींनाच विचारा." म्हातारी काही लाजणारी नव्हती. ती पुढे आली आणि मला सांगितलं तेच तिनं शेठजींना सांगितलं.

मला वाटलं, शेठ हसतील. ते हसले नाहीत. जीपच्या पायरीवर टेकले आणि शेतकऱ्यांशी कापसाचा भाव बोलावा तशा अहिराणीत म्हणाले, "मन्हा जलम कोठे व्हयना, मालूम शे का? टेसननी धरमशाळामा. मन्ही माय मारवाडथून येई ऱ्हायनी व्हती, रस्तामाच मी व्हयनू. छठीबी तठेच व्हयनी. आमनाकडे सटवाईले बेमाता म्हनतस. ती तठे उनी. मंग तिनी काय वाईट लिखं का?"

सगळ्या गावाची नजर शेठजींवरून फिरली. टोपी, बटणं, पोट, जीप. सासूनंही सावकाश, बाजारात बैल पाहावा तसं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. नशीब काही वाईट लिहिलेलं दिसत नव्हतं.

"धरमशाळामा?" तिनं खात्री करून घेतली.

"धरमशाळामा."

मग आमचा सौदा सुरू झाला. खोली शेणानं सारवायची, असं ती म्हणाली. मी म्हटलं, उंबऱ्याच्या बाहेर हवं तेवढं सारवा, आत चिमूटभरही नाही. विळा उशाला हवा. मी म्हटलं, उशाला विळा ठेवा, कोयता ठेवा, नांगर ठेवा, पण नाळ माझीच कात्री कापणार आणि ती उकळताना तुम्ही समोर बसायचं. दिवा तिच्या तुपाचा, कोरा कागद माझा. शेवटी ती म्हणाली, लिहायला लेखणी शेठचीच पाहिजे. जिचा धनी एवढा भाग्यवान, ती लेखणी सटवाईच्या हाताला बरी. शेठजींनी खिशातलं महागाचं फाउंटन पेन एकदा डोळे भरून पाहिलं आणि काढून दिलं. पुढे कितीतरी दिवस ते पेन्सिलीनं सह्या करत होते म्हणे.

सरकी त्या खोलीत कधीच आली नाही. मी तिथे होते तोवर आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं त्याच खाटेवर जन्मली आणि दर छठीला कोणीतरी शेठचं पेन मागायला यायचंच. पण त्या पहिल्या बाळंतपणाचं सांगायचं राहिलं.

सून भर दुपारी, अडली नाही की रडली नाही, झटक्यात मोकळी झाली. मुलगी झाली. बाहेर जाऊन सासूला सांगताना मी तिच्या चेहऱ्याकडे रोखून पाहत होते. नाक मुरडलं असतं तर मी तिथेच तोंड सोडणार होते. तिनं फक्त दुधाचं विचारलं, "पेयनी का?"

छठी थाटात झाली. पाटावर कोरा कागद, त्यावर ते पेन, शेजारी दिवा, आणि उंबऱ्याबाहेर असं सारवण की मी स्वतः त्याच्यावरून घसरले. बाया मनसोक्त हसल्या. सकाळी सासूनं कागद उचलून उजेडात धरला. तो कोराच होता, पण ती समाधानानं मान डोलावून म्हणाली, लिहिलंय.

तरीही ती घरी गेली नाही. आधीच्या दोघांनीही छठी पाहिली होती. त्यांचं पिणं त्यानंतर सुटलं होतं, हे तिला ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं आणि मलाही. त्या दिवसांत आमचं तिघींचं हसणं आटलं. सासू दारात बसून वाती वळायची. दर थोड्या वेळानं "पेयनी का?" विचारायची. मी उगाच वसकन अंगावर जायचे आणि मग स्वतःच वाकून बाळाची हनुवटी चाचपायचे. नुसतं जांभई द्यायला पोरीनं तोंड उघडलं तरी मला जीव भांड्यात पडल्यासारखं व्हायचं. मग एका सकाळी तिनं दूध घेतलंच नाही. तोंड फिरवून झोपून राहिली. मी तिच्या अंगावरून हात फिरवून पाहिला, काही कळेना. सून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सासूच्या हातातली वात तशीच राहिली. मी मागच्या अंगणात जाऊन, काही कारण नसताना, भांडं घासायला घेतलं. मला फार भीती वाटत होती.

तेवढ्यात आतून हाक आली. जी सून सासूसमोर कधी कुजबुजण्यापलीकडे बोलली नाही, ती ओरडत होती, "पेई ऱ्हायनी! माय, पेई ऱ्हायनी!"

मी धावत आत गेले. झोप पुरी करून पोरगी अशी तुटून पडली होती, की दूध गालावरून ओघळत होतं. सासू खाटेजवळ उभी होती. तिनं ते दूध बोटानं पुसलं. मग हात पुढे करून, आपल्यासमोर कायम नाकापर्यंत ओढलेला सुनेचा पदर तिनं स्वतःच मागे सारला.

"राहू दे मांगे," ती म्हणाली. "पोरले मायनं तोंड दखू दे."