घुमाऱ्याचा डबा

आमच्या ह्यांनी दुकानात सबवूफर माठासारखा वाजवून पाहिला, हे मी आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, कारण आमच्या सूनबाईनं ते बजाजनगरात कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. वाकले, बोट दुमडलं आणि त्या काळ्या चकचकीत डब्यावर टक-टक केलं. कान लावला. मग पुढच्या डब्यापाशी गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला कुंभाराकडं माठ घेताना करतात ना, अगदी तस्सं. वर मान हलवून मला म्हणाले, "हा भाजलेला वाटतो पक्का."

पण आम्ही त्या दुकानात गेलोच कशाला, ते आधी सांगायला पाहिजे.

ह्यांची सगळी नोकरी वाळूजला कंपनीत गेली, प्रेसशॉपला. म्हणजे दिवसभर पत्र्यावर दणका. कानात घालायला कंपनी बोळे द्यायची, ते हे नेमानं खिशात ठेवायचे. घरी आले की मी बोललेलं ह्यांना ऐकू यायचं नाही, पण मला वाटायचं, नवरा म्हणल्यावर तेवढं असायचंच. निवृत्त झाल्यावर चोवीस तास समोर बसले तेव्हा कळलं, की खरंच ऐकू येत नाही.

तसं घरात चाललं असतं. मी ओरडून बोलायला शिकले, आणि काही गोष्टी हळूच बोलायचीही सोय झाली. पण ह्यांचा पखवाज सुटला, तिथं बिनसलं.

कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी भजन असतं, आणि तिथला पखवाज ह्यांचा. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, माहीत असेल तुम्हाला. त्यानं आवाज खाली उतरतो, पोटातून आल्यासारखा येतो. त्याला म्हणायचं घुमारा. ती कणीक पोळ्यांच्या परातीतली उचलून चालत नाही, तेल-मिठाचा हात नको तिला. दर गुरुवारी मूठभर वेगळी मळून, डबीत घालून मी द्यायची. हे वर्षानुवर्षं चाललं. मग एका गुरुवारी हे म्हणाले, "आज कणीक नको."

"का हो? बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. पण गाणाऱ्याचे शब्द मला कळंनात. परवा समेवर मी एकटाच पुढं गेलो. कुणी काही बोलायच्या आधी आपण उठलेलं बरं."

पखवाजाला खोळ घातली आणि कपाटावर ठेवून दिला. तेव्हापासून हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. आत टीव्ही चालू असला तरी बाहेर, पाहुणे आले तरी बाहेर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की बारीक आवाज गेलेत, जाड आवाज अजून शाबूत आहेत. कानाचं मशीनही घेतलं. ते चष्म्याच्या घरात झोपलेलं असतं. म्हणे, ते घातलं की तू पापड मोडलास तरी बाँब फुटतो. मला आपलं एवढंच पाहिजे होतं, की हा माणूस गॅलरीतून उठून आत यावा.

एकदा लग्नाची वरात गल्लीतून गेली. पुढं डीजे. खिडक्या थरथरल्या, कुत्री पळाली, सगळी कॉलनी शिव्या देत दारं लावत होती. आणि आमचे हे? खुर्चीच्या हातावर बोटं चालली होती! चेहरा कसा फुललेला. वरात वळून गेली तसा चेहरा विझला.

मी सूनबाईला म्हणलं, "आता रोज कुणाचं लग्न लावू मी?"

ती म्हणाली, "लग्न नको आई. बाबांना सबवूफर लागतो."

तिनं मला समजावून सांगितलं, की टीव्हीच्या पोटात एवढासा स्पीकर, त्यातून जाड आवाज निघतच नाही. जाड आवाजासाठी वेगळा डबा मिळतो. यात तिचा थोडा स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू. दिसायला गरीब गाय, पण तिला मारामारीचे सिनेमे लई आवडतात. पडद्यावर इमारत कोसळली, की हिच्या गालावर खळी पडते. लेकाची सेकंड शिफ्ट, तो म्हणाला, तुम्हीच जाऊन बघून या. एका सकाळी आम्ही तिघं शहरात गेलो.

तर माठ वाजवून झाले. दुकानदार भला माणूस. हसला नाही, मिशीतल्या मिशीत काय केलं असेल ते असो.

"चाची, बेस कैसा होना? पिक्चर के वास्ते, या गाने के वास्ते?"

बेस म्हणजे तोच तो जाड आवाज. सूनबाई म्हणाली, "पिक्चर." हे म्हणाले, "काय म्हणतोय?" मी म्हणलं, "भाऊ, आमाला धडधड नको. घुमारा पायजे."

"घुमारा?" तो बिचारा सूनबाईकडं बघायला लागला. ती गुगलवर शोधायला लागली.

मग त्यानं एकेक दाखवायला घेतलं. म्हणाला, हे सगळे पॉवर्डवाले, अँप्लिफायर यांच्या आतच आहे, वायर भिंतीत लावली की झालं, टीव्हीवर किंवा बाकीच्या स्पीकरवर भार नाही. मी ह्यांच्या कानाशी जाऊन ते मराठीत ओरडले. हे म्हणाले, "म्हणजे मिळवता मुलगा. बापावर ओझं नाय." मागं दोन गोल बटणं होती. एक आवाज कमी-जास्त करायचं, आणि दुसरं, कुठपासून खालचा आवाज याच्याकडं द्यायचा ते ठरवायचं. हे दुसरं मला फार पटलं. सासू-सुनेत असं एक बटण असतं तर किती भांडणं वाचली असती, असं मी म्हणले, तर सूनबाई म्हणते, "आहे की आई, फक्त ते तुमच्याच बाजूला आहे."

शेवटी दोन डबे उरले. एक थोरला, पोटाला भोक असलेला. दुसरा त्याच्या निम्मा, सगळीकडून बंद. दुकानदारानं थोरल्यावर हेलिकॉप्टर लावलं. आई गं! माझ्या पायातल्या चपलेत ते उतरलं. सूनबाईच्या गालावर खळी. ह्यांची बोटं जागची हलली नाहीत.

"ह्यांचं लावा," मी म्हणलं, आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. देवळातल्या एका भजनाचं रेकॉर्डिंग लेकानं कधीकाळी माइकच्या मिक्सरवरून करून ठेवलं होतं. पखवाज अर्थातच ह्यांचा.

थोरल्या डब्यावर ते लागलं. हे डोळे मिटून उभे. जरा वेळानं म्हणाले, "मी हात उचलला, तरी ह्यो बोलायचा थांबत नाय. आमच्या सुपरवायझरसारखा." मग धाकटा लावला. त्याच्यावर थाप पडली, की पडली आणि उचलली, की संपली. हे धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, शेजाऱ्याच्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. दुकानदार म्हणाला, "चाचा को गानेवाला होना." सूनबाई एकदा थोरल्याकडं बघून, मोठ्या मनानं म्हणाली, "हाच द्या." तिच्या डोळ्यांसमोर किती इमारती न पडता राहिल्या असतील, ते तिलाच ठाऊक.

घरी आणला. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात जागा होती, तिथं ठेवला, जोडला, भजन लावलं.

आणि सगळाच घोटाळा. नुसतं गूं-गूं-गूं. पिठाच्या गिरणीत भजन चाललंय म्हणा. ह्यांनी थोडं ऐकलं, "र्‍हाऊ द्या. दुकानात बरा वाजत होता," म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हणलं, डबाही गेला आणि माणूसही बाहेरच राहिला.

सूनबाईनं दुकानदाराला फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते ऐकून ती आधी हसायला लागली, मग मला सांगितलं, मग मीही. उपाय असा, की आपण जिथं बसून ऐकतो त्या खुर्चीत डबा बसवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत सगळ्या भिंतींच्या कडेनं हिंडायचं. जिथं आवाज चांगला लागेल ती डब्याची जागा.

मी गॅलरीत गेले. "अहो, आत चला. रांगायचंय."

"काय?"

"रां-गा-य-चं-य!" समोरच्या घरातली बाई दळण निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

आत येऊन बघतात तर टीव्हीसमोरच्या ह्यांच्या जुन्या खुर्चीत डबा. "माझी जागा दिली व्हय त्याला?" म्हणाले. म्हणलं, तुम्ही बसत नव्हता, म्हणून दिली. हे गुडघ्यावर यायला तयार नव्हते, म्हणून आधी मी रांगून दाखवलं, मागोमाग सूनबाई. पण आमच्या कानांचा काय उपयोग, कान ह्यांचे पाहिजेत. शेवटी गुडघ्यांखाली उशी घेऊन हे खाली आले. दोन हात पुढं, की उशी पुढं, की गुडघे पुढं. लेक वर्षाचा असताना असाच हिंडायचा, फक्त त्याला कंबर धरावी लागत नव्हती.

तेवढ्यात भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण दारात. हातात हळदीकुंकवाची वाटी, बोलावणं करायला आलेली. आम्ही तिघं जमिनीवर, खुर्चीत डबा, आणि भजन चालू.

"अगं बाई! काय हरवलंय का, वहिनी?"

"ह्यांचे कान," मी म्हणलं. "तेच शोधतोय."

बाई वस्ताद. वाटी ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यात नका ठेवू तेवढं. मघाशी माझ्या फळीवरचे डबे नाचले, मला वाटलं उंदीर शिरला." आणि तीही हातानं जागा दाखवत फिरायला लागली, इकडं बघा, तिकडं बघा. पाहुणी म्हणून ती तेवढी उभ्यानं.

टीव्हीपाशी गूं-गूं. देव्हाऱ्याखाली काहीच नाही. सोफ्यामागं जरा बरं. हे रांगत रांगत गॅलरीच्या दारापर्यंत गेले. दाराच्या अलीकडं, बाहेरच्या भिंतीपाशी आमचा चपलांचा स्टँड आहे. तिथं थांबले.

थांबले ते हलेनातच. मला वाटलं, कंबर धरली. मी उठायला गेले तर ह्यांनी हात वर करून मला गप्प केलं. एक हात जमिनीवर टेकलेला, मान खाली. भजन पुढं सरकत होतं. मग वर केलेला हात खाली आला आणि फरशीवर थाप पडली. बरोब्बर समेवर. सूनबाईनं माझा दंड धरला.

भजन संपलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते. इतक्या वर्षांचा संसार, म्हणलं आता हा माणूस काहीतरी गोड बोलणार.

"कणीक पातळ झाली होती त्या दिवशी," हे म्हणाले.

"काय म्हणालात?"

"पातळ. डावा हात लडबडतोय बघ. लाव परत, तुला ऐकवतो."

घ्या! बायकोची हाक ऐकू येत नाही, पापड मोडलेला चालत नाही, आणि त्या गुरुवारच्या कणकेत पाण्याचा थेंब जास्त पडला, तो ह्यांना चपलांच्या स्टँडपाशी ऐकू आला. शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हणलं, "कणीक चांगलीच होती. थापणाऱ्याला थापता आली नाही." हे म्हणाले, "व्हय का? मग लाव परत." परत लावलं. माझ्या कानाला काही पातळ-बितळ वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

आता चपला दाराबाहेर असतात, आणि डबा त्यांच्या जागी. खुर्ची ह्यांना परत मिळाली, आतच. संध्याकाळी टीव्ही सूनबाईकडं असतो. धाकट्या डब्यावरही इमारती बऱ्यापैकी पडतात, आणि हे तिच्या शेजारी बसून, आता पडली का, आता पडली का, विचारत असतात. भजन लावायचं ते सकाळी, शेजारणीचे डबे नाचणार नाहीत इतपत.

गेल्या गुरुवारी मी दुपारच्या चहाचं आधण ठेवत होते, तर कपाट सरकल्यासारखा आवाज आला. बघते तर हे स्टुलावर चढून खोळ काढतायत. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ऐकू आलं नसतं, आणि आलं असतं तर खाली उतरले असते. चहा घ्यायला आले ते खिशातून चष्म्याचं घर काढत, आणि मशीन कानात बसवत म्हणाले, "गाणाऱ्याचे शब्द तेवढे ह्याच्यातून बघतो. आणि ऐक, मूठभर कणीक लागंल." दारापर्यंत गेले, वळले. "घट्ट मळ."

मी परात घेतली आणि अशी घट्ट मळली, की थापताना मनगटाला कळावं. डबीत घालून झाकण लावलं, आणि मुद्दाम स्वयंपाकघरातून, हळू आवाजात म्हणलं, "पातळ म्हणे!"

"ऐकू आलं," हे बाहेरून ओरडले.