टॅपेटच्या नटावरचा टिळा

दाजी गेल्याचा फोन ताईने केला तेव्हा मी लोणावळ्याला ड्यूटीवर निघत होतो. "सकाळी शेडात गाडीला किका मारत हुते. आवाज थांबला म्हनून बघायला गेले..." एवढंच ती बोलली. पुढचं मला ऐकू आलं नाही. आदल्या संध्याकाळी त्या गाडीला पाना मी लावला होता आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वराळ्याला शेती, आंबीच्या कारखान्यात नोकरी आणि निवृत्तीनंतर एकच ध्यास, वडिलांची गोठ्यात पडून राहिलेली मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणायची. रविवारी मी मदतीला जायचो. मदत म्हणजे रॉकेलमध्ये सुटे भाग धुणं आणि टोमणे ऐकणं. "पाव्हणं, त्यो पाना हाय, चमचा न्हाई." इंजिनाचा दाब कुठून सुटतो ते दाजी कानाने शोधत. मला किक हळूहळू दाबायला लावून स्वतः ओणवे होत. "हितं सायलेन्सरातनं फुस्स आलं तर एक्झॉस्टचा वॉल्व्ह. कार्बोरेटरातनं आलं तर इनलेटचा." पुढे त्यांच्याच हृदयाची झडप गळते असं निघालं, तेव्हा दवाखान्यातून बाहेर येऊन मला म्हणाले, "त्या डॉक्टरला मशिन लागलं. मी नुसत्या कानानं सांगितलं असतं." ऑपरेशन त्यांनी दिवाळीनंतरवर ढकललं. आधी गाडी, मग मी, म्हणाले.

त्यांची एक सवय होती. नट आवळून, तपासून झाला की त्यावर ताईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर. त्याला ते टिळा म्हणत. नट जरासा फिरला तरी टिळा तडकतो, लगेच कळतं. बिनटिळ्याच्या नटावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या संध्याकाळी गाडी पहिल्यांदाच शिरगावपर्यंत जाऊन आली. सुरू व्हायला कुरकुरायची, पण धावली. टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची फट राखणारे स्क्रू-नट, मात्र फार वाजत होते. दाजी चहाला घरात गेले आणि त्यांना चकित करावं म्हणून मी एक्झॉस्टचा टॅपेट आवळून टाकला. टिळा तडकलेला मला दिसला. इंजिन तापलेलं होतं. त्या जुन्या इंजिनाचा टॅपेट गार असतानाच बसवायचा असतो. गरम असताना गच्च केला तर गार झाल्यावर वॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब धरत नाही, आणि किका मारून मारून माणूस दमतो. हे दाजींनीच शिकवलेलं. मला आठवलं ते परतीच्या वाटेवर. फोन करावा असं वाटलं... केला नाही.

दिवसकार्य झालं, काही आठवडे गेले. ताईकडे जायचो, शेडाकडे मात्र बघायचो नाही. एकदा ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मग उघडून बघ की," ती म्हणाली. "मनात कुजवत काय बसलाईस?"

दोघं शेडात गेलो आणि मी टॅपेटचं झाकण काढलं. नटावरचा टिळा अखंड होता. तडकलेल्या जुन्या लाल थरावर नवा, तुकतुकीत. पुशरॉड, म्हणजे टॅपेट ढकलणारा दांडा, दोन बोटांत धरून पाहिला, अलगद फिरला. टॅपेट बरोबर बसवलेला होता. "टिळा नवा हाय," मी म्हणालो.

"व्हय, त्या दिशी सकाळीच नेलपॉलिशची बाटली मागितली त्येंनी," ताई म्हणाली. "म्हनले, पाव्हण्यानं हुशारी केलीय. लय हसत हुते."

थोड्या वेळाने मी तिला किक दाबायला सांगितली आणि सायलेन्सरला कान लावला. फुस्स. हेड, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवून एक्झॉस्टच्या तोंडात रॉकेल ओतलं, तर ते वॉल्व्हच्या कडेने आत झिरपलं. वॉल्व्ह ज्या गोल कडेवर बसतो ती कड खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेली होती. ते एका संध्याकाळचं काम नव्हतं, फार वर्षांची झीज होती. कडेला घासायची पेस्ट लावून वॉल्व्हला रबरी टोकाने चिकटणारी काठी दोन्ही तळव्यांत फिरवत बसलो. ताईने काठी ओढून घेतली. "सर बाजूला. ह्ये तर ताक घुसळल्यावानीच हाय." तिने घासलेली कड माझ्यापेक्षा सफाईदार निघाली. पुन्हा रॉकेल ओतलं, एक थेंब उतरला नाही.

पण घासलेला वॉल्व्ह किंचित खोल बसतो, टॅपेट नव्याने लावावाच लागतो. म्हणजे दाजींचा शेवटचा टिळा मोडायचा. पाना नटावर धरला आणि हात पुढे जाईना.

"त्यो मोडल्याबिगर गाडी सुरू व्हनार हाय का?" ताईने विचारलं.

"न्हाई."

"मग मोड."

मोडला. गार इंजिनावर, पुशरॉड बोटांत फिरवून बघत, सावकाश टॅपेट लावला. ताई आतून बाटली घेऊन आली. मी हात पुढे केला, पण तिने दिली नाही. स्वतःच वाकून टिळा लावला. जरा वाकडा गेला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्येंचाबी वाकडाच असायचा."

दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. आता रविवारी ताई मागे बसते आणि आम्ही शिरगावला जाऊन येतो. बाटली शेडातच ठेवलीय, पान्यांच्या शेजारी. टॅपेटचं झाकण उघडलं की ताईच्या टिळ्याच्या कडेला दाजींचा जुना लाल अजून दिसतो.